सॅक मोजण्याआधी: कॉलेजचा डिफेन्सिव्ह लाइनमन कसा पारखावा

शनिवारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना लावला की नजर आपोआप चेंडूमागे पळते. बचावाच्या पहिल्या फळीतला खेळाडू पारखायचा असेल तर ही सवय आधी मोडावी लागते, कारण चेंडू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणाऱ्याच्या, हातातून सुटतो तोवर या माणसाचं बरंचसं काम उरकलेलं असतं. स्नॅपपासून, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू होतो त्या क्षणापासून, जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात तो जिंकतो, हरतो किंवा दुसऱ्या कुणाला तरी जिंकवून देतो.

एप्रिलच्या शेवटी एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट असतो, म्हणजे संघांनी कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडण्याचा कार्यक्रम, सात फेऱ्यांचा. त्याआधी या फळीतल्या पंधरा-वीस मुलांच्या नोंदी मी दरवर्षी वहीत करतो. ज्यांनी हा खेळ नुकताच बघायला घेतला आहे त्यांच्यासाठी माझी पद्धत क्रमाने सांगतो. तिच्या मुळाशी एकच आग्रह आहे: सॅकचा, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडल्याचा, आकडा विचारण्याआधी या मुलाला काम काय दिलं होतं आणि ते त्याने कशाच्या जोरावर केलं, हे बघायचं.

पायरी १: एकच माणूस, तीन वेळा

एक खेळाडू निवडा आणि त्याचा प्रत्येक डाव तीनदा बघा. पहिल्यांदा फक्त पाय. दुसऱ्यांदा फक्त हात. तिसऱ्यांदा पूर्ण डाव, शिट्टी वाजेपर्यंत. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटेल. दहा-बारा डावांनंतर डोळा आपोआप योग्य जागी जायला लागतो.

खेळाडू हेरणाऱ्या संघांच्या स्काउटना संपूर्ण मैदान दाखवणारी चित्रफीत मिळते, आपल्याला बहुधा टीव्हीचंच प्रक्षेपण असतं. कॉर्नरबॅक किंवा सेफ्टी हे मागचे बचावपटू पारखायला ते अपुरं पडतं, कारण ते चौकटीबाहेर जातात. लाइनमनच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. स्नॅपच्या क्षणी दोन्ही लाइन हमखास चौकटीत असतात, आणि मागच्या बाजूने दाखवलेला रीप्ले मिळाला तर हातांची झटापट स्पष्ट दिसते.

सामने किती? निदान तीन, जमल्यास चार. एक सगळ्यात तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, एक जिथे त्याच्या नावावर काहीच लागलं नाही असा, एक हंगामाच्या शेवटचा. चौथा आदल्या वर्षीचा घ्या, म्हणजे मुलगा पुढे सरकला की तिथेच राहिला हे कळतं. गाजलेल्या क्षणांची जोडलेली चित्रफीत मात्र या कामासाठी बघू नका. तिच्यात हरलेले डाव नसतात.

पायरी २: तो उभा कुठे आहे?

नवीन माणूस नेमकी हीच पायरी गाळतो.

आक्रमणाच्या मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, आणि कधी त्यांच्याही बाहेर टाइट एंड. बचावातला माणूस यांच्यापैकी कुणासमोर आणि त्याच्या कोणत्या खांद्यावर उभा आहे, त्यावरून त्याच्या जागेला आकडा मिळतो. सेंटरच्या अगदी समोर तो शून्य. सेंटरच्या एका खांद्यावर सरकला की एक. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर तीन. टॅकलच्या आतल्या खांद्यावर चार-आय, बाहेरच्या खांद्यावर पाच. टाइट एंडच्याही बाहेर मोकळ्यावर उभा राहिला तर नऊ.

हे आकडे म्हणजे वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत. शून्यावरच्या माणसाला बहुतेक वेळा दोघांचा भार झेलायचा असतो. तीनवरच्याला एक फट, म्हणजे समोरच्या दोन लाइनमनमधली मोकळी जागा, दिलेली असते आणि तिच्यातून सुसाट आत घुसायचं असतं, त्यामुळे आतल्या फळीतले सॅक तिथे जास्त होतात. चार-आयवर उभ्या केलेल्या मुलाला दोन लाइनमनच्या मधे अडकून धाव, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणं, आतून निघू द्यायची नसते, पासवर झेप घ्यायला त्याचा कोनच वाईट असतो. नऊवरच्याला मोकळं रान मिळतं.

त्यातही एका फटीचं काम आणि दोन फटींचं काम असा भेद आहे. एका फटीवाला स्नॅपबरोबर सुटतो. दोन फटींवाल्याला समोरच्याला छातीशी धरून, चेंडू डावीकडे जातो की उजवीकडे हे बघून, मग त्याला बाजूला फेकायचं असतं. हा दुसरा मुलगा टीव्हीवर मंद दिसतो. तो मंद आहे की त्याला थांबायला सांगितलं आहे, हे न तपासता ‘पहिलं पाऊल कमी’ असं लिहिणं म्हणजे त्या मुलावर अन्याय आहे.

२०२१ चा जॉर्जिया विद्यापीठाचा संघ यासाठी उत्तम धडा आहे. त्या वर्षी ते राष्ट्रीय विजेते झाले. त्या एका फळीतले ट्रॅव्हॉन वॉकर, जॉर्डन डेव्हिस आणि डेव्हाँटे वायट २०२२ च्या पहिल्या फेरीत गेले, आणि त्यांच्यासोबत खेळणारा जेलन कार्टर पुढच्या वर्षी नवव्या क्रमांकावर. इतकी माणसं असल्यामुळे ती आळीपाळीने खेळत, आणि दिलेलं काम बरंचसं फटी बुजवण्याचं होतं. वॉकरच्या नावावर त्या हंगामात फक्त ६ सॅक होते, तर मिशिगनच्या एडन हचिन्सनच्या नावावर १४. तरीही जॅक्सनव्हिलने पहिल्या क्रमांकावर वॉकरला घेतलं आणि हचिन्सन दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. दोघेही एनएफएलमध्ये एका हंगामात १० किंवा अधिक सॅकपर्यंत पोचले आहेत. माझ्या मते हचिन्सन तेव्हाही सरस होता आणि आजही आहे. पण नुसता ६ आणि १४ चा फरक धरून बसलेल्या माणसाला वॉकरमध्ये काय आहे ते दिसलंच नसतं.

पायरी ३: पहिली दोन पावलं

आता पायांकडे. चेंडू हलला त्या क्षणी चित्र थांबवा आणि चार जणांच्या फळीत सगळ्यात आधी कोण हललं ते बघा. पुन्हा पुन्हा तोच मुलगा आधी हलत असेल तर तुमच्या हाती काहीतरी लागलं. पहिलं पाऊल पुढे पडतं की जागच्या जागी, हेही टिपा. काही जण स्नॅपवर आधी सरळ उभे राहतात आणि मग पुढे जातात. तेवढ्यात समोरचा गार्ड तयार झालेला असतो.

एक सावधगिरी. आक्रमणाला दहा यार्ड पुढे जायला चार संधी मिळतात, प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. तिसऱ्या डाउनला बरेच यार्ड बाकी असले की पास येणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, तेव्हा सगळेच लवकर सुटतात. खरा वेग पहिल्या डाउनला दिसतो, जेव्हा धाव येईल की पास हे माहीत नसतं.

पावलांइतकीच उंची महत्त्वाची, म्हणजे भिडताना शरीर किती खाली आहे ते. कुस्ती बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तालमीत उभा पहिलवान उचलला जातो, कंबर खाली ठेवणारा उचलला जात नाही. इथेही भिडण्याच्या क्षणी कुणाचे खांदे खाली आहेत ते बघा. खाली राहणं गुडघ्यातून आणि कमरेतून यायला हवं. नुसती पाठ वाकवून खाली गेलेला मुलगा एका धक्क्यात तोंडावर पडतो.

ॲरन डॉनल्डचं उदाहरण इथे टाळता येत नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाचा हा मुलगा २०१४ च्या ड्राफ्टला आला तेव्हा उंची सहा फूट पाऊण इंच आणि वजन २८५ पौंड. आतल्या फळीसाठी ‘लहान’ हा शिक्का त्याच्यावर बसला होता. प्रत्यक्षात कमी उंचीमुळे तो आधीच समोरच्याच्या छातीखाली असायचा, आणि पहिलं पाऊल असं की गार्ड हात उचलेपर्यंत हा त्याच्या बगलेत. सेंट लुईस रॅम्सने त्याला १३ व्या क्रमांकावर घेतलं. पुढे तो तीनदा, २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये, लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ड्राफ्टआधीच्या त्याच्या शेवटच्या हंगामातला कुठलाही सामना लावा. सगळं तिथे दिसत होतं.

पायरी ४: हात, आणि पहिला डाव फसल्यावर काय

मला सगळ्यात जास्त वेळ इथे लागतो, आणि तो लागायलाच हवा. कॉलेजमध्ये नुसत्या ताकदीवर आणि वेगावर जिंकता येतं. एनएफएलमध्ये समोरचाही तितकाच ताकदवान आणि वेगवान असतो, तिथे हात कामाला येतात.

पहिला प्रश्न: आधी हात कुणाचा लागला आणि कुठे? पंजे समोरच्याच्या छातीवर आत, कोपरं बरगड्यांजवळ, तर डाव आपल्या मुलाच्या हातात आहे. त्याचे हात बाहेर, समोरच्याच्या दंडांवर गेले असतील, तर तो धरला जाणार.

मग समोरच्याला हरवण्याचे त्याच्याकडे कोणते डाव आहेत ते ओळखायला शिका. बुल रश म्हणजे सरळ छातीवर रेटा देत लाइनमनला क्वार्टरबॅकच्या अंगावर ढकलत नेणं. स्विम म्हणजे एका हाताने समोरच्याचा खांदा दाबून दुसरा हात पोहल्यासारखा वरून काढणं. दिसायला छान, पण यात स्वतःची बरगडी उघडी पडते. रिप म्हणजे हात खालून वर, समोरच्याच्या बगलेतून उपसून काढणं. क्लब म्हणजे खांद्यावर किंवा दंडावर जोरदार तडाखा देऊन त्याला एका बाजूला कलवणं. स्पिन म्हणजे गिरकी. आणि लाँग आर्म, म्हणजे एकच हात ताठ करून समोरच्याच्या छातीत रोवणं. दोन्ही हात पुढे केले की खांदे समांतर राहतात. एकच हात पुढे केला की धड वळतं आणि पोच वाढते, म्हणून हा डाव लांब हाताच्या मुलांना शोभतो.

डावांची यादी मोठी असायला हवी असं मुळीच नाही. एक पक्का डाव आणि त्याला जोडून दुसरा, इतकं कॉलेजच्या मुलाकडे असलं तरी मी खूश असतो. बघायचं ते हे की पहिला डाव अडला की पुढच्या क्षणी काय होतं. हात सुटवून आत वळतो? की समोरच्याला मिठी मारून तिथेच थांबतो? थांबण्याची सवय असेल तर वहीत ठळक लिहा. ती पुढच्या पातळीवर जास्त उघडी पडते.

बाहेरच्या कडेवर खेळणाऱ्यांसाठी, ज्यांना एज म्हणतात, आणखी एक गोष्ट: वळण. टॅकलच्या बाहेरून पळत जाणं सोपं, पण तिथून क्वार्टरबॅककडे वळताना घोटे आणि कंबर झुकली पाहिजे, आतला खांदा जमिनीकडे गेला पाहिजे, आणि वेग तसाच राहिला पाहिजे. हे न जमणारा मुलगा क्वार्टरबॅकच्या पाठीमागून लांब वळसा घेत निघून जातो. एका सामन्यात असे वळसे चार-पाच दिसले तर तो कडेवरचा नव्हे, आत सरकवण्याजोगा खेळाडू असू शकतो.

पायरी ५: धाव अडवणं

नवख्या प्रेक्षकाला यात रस वाटत नाही. प्रशिक्षकांना मात्र पहिल्या दिवसापासून वाटतो, कारण पहिल्या दोन डाउनला धाव अडवता न येणारा मुलगा बाकावर बसतो.

आतल्या खेळाडूची कसोटी डबल टीमवर, म्हणजे दोघे मिळून एकाला ढकलतात तेव्हा. तो दोघांना फोडून आत गेला तर उत्तमच, पण तसं क्वचितच होतं. मागे न सरकता तिथेच पाय रोवले, प्रसंगी एक गुडघा टेकवून दोघांना स्वतःवर अडकवून ठेवलं, तरी त्याने काम चोख केलं. अशा वेळी त्याच्या मागचा लाइनबॅकर मोकळा राहतो आणि टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पाडल्याची नोंद, त्याच्या नावावर लागतो. म्हणून आपला मुलगा जमिनीवर आणि लाइनबॅकरचा टॅकल, असा डाव दिसला की श्रेय कुणाचं ते परत मागे जाऊन बघा. जॉर्डन डेव्हिसला २०२१ मध्ये देशातल्या सर्वोत्तम आतल्या लाइनमनचा आउटलंड करंडक मिळाला तो अशा कामासाठी. सॅकच्या रकान्यात त्याच्याकडे मोजकंच होतं.

एजवाल्यासाठी प्रश्न साधा: धाव त्याच्या बाहेरून निघाली की त्याने ती आत वळवली?

कॉलेजचे आकडे वाचताना एक फरक लक्षात असू द्या. तिथे सॅकमुळे गेलेले यार्ड धावेच्या हिशेबातून वजा होतात, एनएफएलमध्ये पासच्या. त्यामुळे एखाद्या कॉलेज संघाने ‘धावेला फारच कमी यार्ड दिले’ असं दिसलं तर त्यात सॅकचा वाटा किती, ते बघावं.

पायरी ६: आता सॅक उघडून बघा

आकड्यांकडे इतक्या उशिरा यायचं, कारण आता ते वाचायची नजर आलेली असते. प्रत्येक सॅक बघा आणि त्याला तीनपैकी एका खणात टाका. त्याने समोरच्याला हरवून मिळवलेला. समोर कुणी अडवायलाच नव्हतं म्हणून मिळालेला. आणि मागच्या बचावपटूंनी सगळे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, झाकल्यामुळे क्वार्टरबॅक चार-पाच सेकंद चेंडू धरून बसला म्हणून मिळालेला. पहिल्या खणातले महत्त्वाचे. शिवाय सॅक न होता क्वार्टरबॅकला घाईने फेकायला लावलं ते डावही मोजा, त्यांची संख्या मोठी असते.

उलटंही घडतं. कॉलेजमध्ये पासच्या डावावर आक्रमणाच्या लाइनमनना तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, एनएफएलमध्ये एकच. त्यामुळे धाव की पास हे शेवटच्या क्षणी ठरवणारे डाव कॉलेजमध्ये जास्त चालतात आणि चेंडू झटकन सुटतो. अशा संघाविरुद्ध चांगल्या मुलाचीही पाटी कोरी राहते.

व्हर्नन गोल्स्टनने २००७ मध्ये ओहायो स्टेटसाठी १४ सॅक केले. शरीर तर कोरीव लेण्यासारखं. २००८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं, आणि तिथल्या तीन हंगामांत त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. दुसरीकडे टेरेल सग्ज. ॲरिझोना स्टेटसाठी २००२ मध्ये २४ सॅक, हा कॉलेजचा विक्रम. त्याचे सॅक खरे होते, हात तयार होते, आणि एनएफएलमध्ये त्याने १३९ सॅक केले. आकडे दोघांचेही मोठेच होते.

वयही बघा. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षांनी ड्राफ्टला पात्र होता येतं. पण काही जण पाच-सहा वर्षं कॉलेजात काढतात, शिवाय २०२० चा हंगाम कोविडमुळे कुणाच्याच पात्रतेत मोजला गेला नाही. तेवीस-चोवीस वर्षांचा माणूस एकोणीस वर्षांच्या टॅकलला उडवून लावतो तेव्हा टाळ्या जरा जपून वाजवा.

पायरी ७: इंडियानापोलिसचं मोजमाप

फेब्रुवारीच्या अखेरीस इंडियानापोलिसला कम्बाइन, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांचा मेळावा, भरतं. उंची, वजन, हाताची लांबी, ४० यार्डांची धाव, २२५ पौंडांचा बेंच प्रेस, उड्या, वळणांच्या शर्यती.

सगळं सारखं मोजू नका. लाइनमन ४० यार्ड सरळ क्वचितच पळतो, त्याच धावेतल्या पहिल्या १० यार्डांची वेळ कामाची. एजसाठी तीन शंकूंभोवतीची धाव बघा, कारण तिच्यात वळण कळतं. बेंच प्रेसला मी फारसं वजन देत नाही, लांब हातांच्या मुलाला बार जास्त अंतर उचलावा लागतो. हाताची लांबी स्वतः मात्र महत्त्वाची आहे. एजसाठी ३३ इंच असले की बरं असा सर्वसाधारण कौल असतो. पण वॉकरचे साडेपस्तीस होते आणि हचिन्सनचे बत्तीसहून थोडेच जास्त, डॉनल्डचे साडेबत्तीसच्या आसपास. आखूड हात म्हणजे अपात्र असं नव्हे. हातांच्या कसबात तो मुलगा ती कसर भरून काढतो का, हे चौथ्या पायरीच्या नोंदींत परत जाऊन बघायचं.

१९९५ ची गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असते. बॉस्टन कॉलेजचा माइक मामुला कम्बाइनच्या चाचण्यांचीच खास तयारी करून आला आणि तिथे झळकला. फिलाडेल्फियाने त्याच्यासाठी टँपा बेशी सौदा करून बाराव्यावरून सातव्या क्रमांकावर उडी घेतली. त्या बाराव्या क्रमांकावर टँपा बेने मायामीच्या वॉरन सॅपला घेतलं. सॅप घसरण्यामागे मैदानाबाहेरच्या बातम्याही होत्या, पण त्याचा खेळ सगळ्यांसमोर होता. तो २०१३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. मामुला वाईट खेळाडू नव्हता, त्याच्या चाचण्यांचे आकडे त्याच्या खेळापेक्षा मोठे होते इतकंच. आणि सग्ज? ४० यार्डांना त्याला ४.८ सेकंदांहून जास्त लागले, त्याची चर्चा झाली, आणि २००३ मध्ये तो बाल्टिमोरला दहाव्या क्रमांकावर मिळाला.

म्हणून माझा नियम: चाचणीचा निकाल तुमच्या नोंदींशी जुळला तर पुढे जा. जुळला नाही तर मत बदलू नका, आणखी दोन सामने बघा. जॉर्डन डेव्हिस ३४१ पौंडांचा असूनही ४.७८ सेकंदांत पळाला तेव्हा मी तेच केलं.

अलाबामातल्या मोबाइल शहरात सीनियर बोल, म्हणजे ड्राफ्टला येणाऱ्या कॉलेज खेळाडूंचा निवडक सामना, होतो, तिथल्या एकास-एक सरावाच्या चित्रफितीही मिळतात. बघाव्यात, पण त्या सरावात बचावपटूला मोकळी जागा असते आणि आक्रमणाच्या लाइनमनला शेजाऱ्याची मदत नसते, म्हणून जिंकण्याच्या संख्येला थोडं कमी लेखा. तिथे डाव फसल्यावरची प्रतिक्रिया बघायला मिळते, तीच टिपा.

पायरी ८: नोंद कशी लिहायची

‘जबरदस्त’, ‘प्रचंड ताकद’ असे शब्द वहीत लिहिले की सहा महिन्यांनी त्यांचा काही अर्थ लागत नाही. दिसलं ते लिहा. माझी एक नोंद साधारण अशी असते: ‘तीनवर जास्त, कधी पाच. पहिल्या डाउनलाही फळीत सगळ्यात आधी सुटतो. क्लब आणि रिप पक्के. रिप अडला की थांबतो, तीन सामन्यांत नऊ वेळा. डबल टीमवर डावा पाय मागे जातो. चौथ्या क्वार्टरमध्ये स्नॅपवर उभा राहतो, पण तो जवळजवळ प्रत्येक डाव खेळला आहे.’ शेवटचं वाक्य मुद्दाम. साठ डाव खेळलेल्याचा थकवा आणि तीस डाव खेळलेल्याचा आळस शेवटी सारखाच दिसतो.

मग फेरी ठरवा, आणि सोबत काम लिहा. ‘दुसरी फेरी’ एवढंच नको, ‘दुसरी फेरी, एका फटीच्या बचावात तीनवर’ असं. ग्रेडी जॅरेट २०१५ मध्ये क्लेमसनमधून आला तेव्हा उंची कमी म्हणून पाचव्या फेरीत, १३७ व्या क्रमांकावर गेला. अटलांटाने त्याला आत घुसायला मोकळं सोडलं, आणि २०१७ च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, त्याने क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला तीन वेळा पाडलं.

सुरुवातीला मोठ्या नावांसोबत एखादा छोट्या विद्यापीठाचा मुलगाही घ्या. मॅक्स क्रॉस्बी ईस्टर्न मिशिगनमध्ये खेळायचा. २०१९ मध्ये चौथ्या फेरीत, १०६ व्या क्रमांकावर रेडर्सनी त्याला घेतलं आणि पहिल्याच हंगामात त्याने १० सॅक केले. अशा मुलांचे सामने मंगळवारी-बुधवारी रात्री लागतात, स्टँड अर्धे रिकामे असतात, आणि समालोचक त्यांच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. आवाज बंद करा, वही घ्या आणि त्याच्या पहिल्या दोन पावलांपासून सुरुवात करा.